पाण्यात प्रकाश नक्की कुठे वळतो? वर्गातला साधा प्रयोग, पण मोजून केलेला

कागदावर एक बाण काढायचा, त्याच्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवायचा आणि कागद हळूहळू मागे न्यायचा. बाण आधी पसरतो, मग फाटल्यासारखा होतो आणि मग एकदम उलट्या दिशेला तोंड करतो. हा व्हिडिओ दर थोड्या महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो आणि असं का होतं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, प्रकाश पाण्यात वाकतो. उत्तर बरोबर आहे, पण त्याच्यापुढचा प्रश्न कोणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं. त्याच पाण्यात पेन्सिल उभी केली तर ती उलटी होत नाही, मोडल्यासारखी दिसते. तळाशी नाणं ठेवलं तर ते मोडतही नाही, नुसतं वर आल्यासारखं वाटतं. पाणी तेच, प्रकाश तोच, मग तीन तऱ्हा कशा?

हे समजून घ्यायला फार काही लागत नाही, वर्गात होईल असा एक प्रयोग पुरतो, फक्त तो नुसता दाखवून सोडायचा नाही, कोनमापक घेऊन मोजायचा. बहुतेक वेळा होतं काय की सर पेल्यात पेन्सिल टाकतात, मुलं "हो, वाकडी दिसतेय" म्हणतात, व्याख्या वहीत उतरते आणि पुढचा धडा सुरू. मोजल्याशिवाय यातली खरी गंमत हाती लागत नाही, असं माझं तरी स्पष्ट मत आहे.

## वळतो कुठे? फक्त सीमेवर

आधी एक गैरसमज बाजूला काढू. पाण्यात शिरल्यावर प्रकाश कमान करत जात नाही. हवेत तो सरळ येतो, पाण्यातही सरळच जातो, दिशा बदलते ती हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे, आणि तीही एकदाच. या दिशा बदलण्याला म्हणतात अपवर्तन. हवा, पाणी, काच, ज्यातून प्रकाश जातो ते माध्यम. आणि अजून एक शब्द लागेल, स्तंभिका, म्हणजे किरण पृष्ठभागाला जिथे लागतो त्या बिंदूवर पृष्ठभागाशी काटकोन करून काढलेली रेषा. ती खरी नसते, आपण कागदावर काढायची आणि सगळे कोन तिच्यापासून मोजायचे. पृष्ठभागापासून मोजायचे नाहीत, हे मुद्दाम सांगतोय कारण निम्म्या वह्यांमध्ये चूक इथेच असते, ३० चे ६० होतात आणि मग गणित काही केल्या जुळत नाही.

हवेतून पाण्यात शिरताना किरण स्तंभिकेच्या जवळ सरकतो, पाण्यातून हवेत येताना तिच्यापासून लांब जातो, आणि स्तंभिकेवरूनच नाकासमोर आला तर अजिबात वळत नाही.

नाण्याचा प्रयोग करून बघा, दोन हजार वर्षं टिकलेला प्रयोग आहे. आरपार न दिसणारं भांडं घ्यायचं, तळाशी नाणं चिकटवून टाकायचं (चिकटवलं नाही तर पाणी ओतताना सरकतं आणि सगळे म्हणतात नाणं हललं म्हणून दिसलं), मग मागे सरकत जायचं, नाणं काठाआड जेमतेम लपेपर्यंत. तिथेच थांबायचं, मान हलवायची नाही, आणि दुसऱ्या कोणीतरी सावकाश पाणी ओतायचं. पाणी चढत जातं तसं नाणं आधी कडेने आणि मग पूर्ण दिसायला लागतं. नाण्यावरून निघालेला प्रकाश आधी काठाच्या वरून, तुमच्या डोक्याच्याही वरून निघून जात होता. आता तो पाण्याच्या पृष्ठभागावर वळून खाली झुकतो आणि बरोबर डोळ्यात येतो.

इथे डोळ्यापेक्षा मेंदूचा भाग मोठा आहे. किरण वाटेत कुठे वळला हे डोळ्याला कळायची काही सोय नाही, त्याला फक्त शेवटची दिशा कळते, आणि मेंदू गृहीत धरतो की प्रकाश त्या दिशेने सरळच आला असणार. मग तो ती रेषा मागे सरळ वाढवतो आणि जिथे पोहोचते तिथे नाणं "ठेवून देतो". ही जागा खऱ्या जागेच्या वर असते. अगदी वरून बघितलं तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या सुमारे तीन-चतुर्थांशच वाटते, आणि तिरकं बघाल तशी अजून कमी.

## पण वळायचं कारणच काय?

कारण वेग. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो, हवेतही जवळपास तेवढाच, पण पाण्यात तो सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. साध्या काचेत सुमारे २ लाख, हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही थोडा खाली. निर्वातातल्या वेगाला माध्यमातल्या वेगाने भागलं की जो आकडा येतो तो अपवर्तनांक, पाण्याचा १.३३, काचेचा साधारण १.५, हिऱ्याचा २.४२.

आता वेग कमी झाला तर दिशा का बदलावी? मैदानावर कवायत करणारी मुलांची एक लांब आडवी रांग डोळ्यासमोर आणा, सगळी हातात हात धरून एकाच चालीने चाललीयत, पुढे चिखल आहे आणि चिखलाची कड तिरकी आहे. समजा उजव्या टोकाचा मुलगा आधी चिखलात शिरला. त्याची पावलं आखूड पडायला लागली, डाव्या टोकाचा अजून कोरड्या जमिनीवर ढांगा टाकतोय. हात कोणी सोडत नाही, त्यामुळे अख्खी रांग उजवीकडे फिरते आणि सगळे चिखलात शिरेपर्यंत तिच्या चालण्याची दिशा बदललेली असते. एकदा सगळे चिखलात आले की पुन्हा सरळ चाल, पण नव्या दिशेने. कड तिरकी नसून बरोबर समोर आडवी असती तर सगळे एकदम चिखलात शिरले असते, चाल मंदावली असती पण रांग फिरली नसती. स्तंभिकेवरून आलेला किरण वळत नाही तो याचमुळे. प्रकाश ही लाट आहे आणि लाटेची आघाडी म्हणजे ही रांग.

तुम्ही म्हणाल हे सगळं वेगावर उभं आहे, तो वेग कोणी मोजला का? छान प्रश्न आहे, कारण यावर दीडएकशे वर्षं खरंच वाद होता. न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे बारीक कण, पाणी त्यांना आत ओढतं म्हणून ते वळतात, आणि आत ओढले गेल्यामुळे त्यांचा पाण्यातला वेग वाढायला हवा. लाटवाले म्हणत होते कमी व्हायला हवा. दोन्हींनी वळण्याचं स्पष्टीकरण देता येत होतं, त्यामुळे नुसतं पेन्सिलीकडे बघून निकाल लागणं शक्यच नव्हतं. १८५० साली पॅरिसमध्ये लेऑं फूकोने भरभर फिरणारा आरसा वापरून हवेतून आणि पाण्याच्या नळीतून गेलेला प्रकाश शेजारी शेजारी ताडून बघितला. पाण्यातला मागे पडला. न्यूटनचं म्हणणं या बाबतीत तिथे संपलं.

## "मंद होतो, मग बाहेर आल्यावर पुन्हा वेग कुठून आणतो?"

ही शंका वर्गात कोणीतरी काढतोच, आणि काढणारा पोरगा हुशार असतो, त्याला गप्प बसवू नये. चिखलाचं उदाहरण इथे कमी पडतं, कारण चिखलात माणूस दमतो आणि प्रकाश दमत नाही.

पाण्याच्या रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट आली की ते तिच्या तालावर डोलायला लागतात, आणि डोलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही बारीकशी लाट सोडतो, पण जरा उशिराने. मूळ लाट आणि या असंख्य बारीक लाटा यांची बेरीज झाली की जी एकत्रित लाट तयार होते तिचे उंचवटे मागे मागे पडत जातात, म्हणून ती सावकाश जाताना दिसते. पाणी संपलं की डोलणारं कोणी उरत नाही, लाट पुन्हा आपल्या नेहमीच्या वेगाने जाते. ढकलायला कोणी लागत नाही, कारण तिला कोणी अडवलेलंच नव्हतं.

बऱ्याच ठिकाणी असं सांगतात की रेणू प्रकाश गिळतो, थोडा वेळ ठेवतो आणि परत सोडतो म्हणून उशीर होतो. ऐकायला सोपं आहे पण चुकीचं आहे. तसं असतं तर रेणूने तो कुठल्याही दिशेला सोडला असता, आणि पाण्यातून सरळ रेषेत जाणारा किरण दिसलाच नसता, नुसता सगळीकडे उजेड पसरला असता.

याच्याच बरोबरीने येणारी शंका रंगाची. पाण्यात लाटेची लांबी कमी होते, लाल लेसरची हवेत ६५० नॅनोमीटर असेल तर पाण्यात सुमारे ४८८ होते, आणि हवेत ४८८ म्हणजे निळसर रंग. मग लाल लेसर पाण्यात निळा का दिसत नाही? कारण सेकंदाला किती लाटा येतात हा आकडा बदलत नाही, आणि डोळ्याला रंग ठरवायला तोच लागतो. पाण्यात बुडी मारून बघितलं तरी लाल ते लालच.

## आता मोजायला बसू

सपाट बाजूचं अर्धगोल पारदर्शक प्लास्टिकचं भांडं मिळालं तर उत्तम, विज्ञानाच्या साहित्यात असतं ते. अर्धगोल कशासाठी? सपाट बाजूच्या बरोबर मधल्या बिंदूवर किरण आत सोडला की तो आत कसाही वळो, बाहेर पडताना गोल बाजूला त्रिज्येवरूनच भेटतो, म्हणजे तिथे स्तंभिकेवरून जातो आणि दुसऱ्यांदा वळत नाही. एकाच वळणाचं माप मिळतं, दोनाची सरमिसळ होत नाही. चौकोनी डबा असला तरी चालतं, फक्त आतल्या किरणाची रेघ डब्यातच टिपून घ्यायची.

भांडं पांढऱ्या कागदावर ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवून त्याची आकृती काढायची, सपाट बाजूच्या मध्यातून स्तंभिका काढायची. पाण्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकायचे, जास्त नाही, नाहीतर पांढरा ढग होतो आणि किरण त्यात हरवतो. लेसर पॉइंटर कागदाला जवळजवळ घासून धरला की हवेतल्या वाटेवर कागदावरच लाल रेघ उमटते आणि पाण्यात ती दुधामुळे चमकते. खोलीत थोडा अंधार करा. आणि हे गंमतीत घेऊ नका: लेसर कोणाच्याही डोळ्यावर जाता कामा नये, भांड्यावरून परत उडालेला झोतसुद्धा. समोर एक पुठ्ठा उभा करून ठेवा आणि मुलांना टेबलाच्या पातळीवर डोळे आणू देऊ नका. लेसर नसेल तर चार टाचण्या पुरतात, दोन अलीकडे, दोन पलीकडे, पाण्यातून बघत चारही एका ओळीत आल्या की झालं.

हवेतला कोन ३० अंश ठेवला तर पाण्यातला येतो साधारण २२. ४५ ला ३२. ६० ला साडेचाळीस. आता स्वाभाविकपणे कोणीही भागाकार करून बघतं: ३० भागिले २२ म्हणजे १.३६, ४५ भागिले ३२ म्हणजे १.४१, ६० भागिले साडेचाळीस म्हणजे १.४८. आकडा वाढत चाललाय, काही नियम दिसत नाही. इथे मुलांना वाटतं आपलंच मोजमाप चुकलं. चुकलेलं नाही.

किरण जिथे आत शिरतो तो बिंदू मध्य धरून १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. हवेतला किरण जिथे वर्तुळाला छेदतो तिथून स्तंभिकेपर्यंतचं सरळ अंतर मोजा. पाण्यातल्या किरणाचंही तसंच, तो वर्तुळापर्यंत पोहोचत नसेल तर पट्टीने वाढवून घ्या. ३० अंशांच्या वेळी ही अंतरं ५ सेंटिमीटर आणि पावणेचार सेंटिमीटर येतात. ४५ च्या वेळी ७.०७ आणि ५.३. ६० च्या वेळी ८.६६ आणि साडेसहाच्या अगदी जवळ. भागाकार करा: १.३३, १.३३, १.३३.

हा क्षण वर्गात बघण्यासारखा असतो. कोनांचं प्रमाण हलतंय, पण या अंतरांचं हलत नाही, आणि जो आकडा येतो तो थेट वेगांच्या भागाकाराचा, म्हणजे कागद, पट्टी आणि पाणी एवढ्यावर तुम्ही प्रकाश पाण्यात किती पट सावकाश जातो ते काढलेलं असतं. पुढे त्रिकोणमिती आली की याच अंतराला त्रिज्येने भागून साइन म्हणतात, नियम तोच. त्याला स्नेलचं नाव आहे, नेदरलँड्सच्या विलेब्रॉर्ड स्नेलने तो १६२१ मध्ये काढला पण छापला नाही, छापला फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये, आणि या दोघांच्या कितीतरी आधी, सुमारे ९८४ साली, बगदादच्या इब्न सहलने भिंगांवर लिहिताना हाच नियम भूमितीच्या भाषेत वापरलेला होता. नाव मात्र स्नेलचंच चिकटलंय.

प्रत्यक्ष मोजताना एक धोरण ठेवा, लहान कोनांच्या नादी फार लागू नका. १० अंशांवर पाण्यातला कोन साडेसात येतो, आणि कोनमापक वाचताना एक अंश इकडेतिकडे झाला तर अपवर्तनांक १.१८ पासून १.५३ पर्यंत कुठेही जातो. ६० अंशांवर तेवढ्याच चुकीने तो फक्त १.३१ ते १.३६ मध्ये हलतो. आणि ७५ च्या पुढेही जाऊ नका, बराचसा प्रकाश आत न शिरता परत उडतो आणि रेघ फिकट, पसरट होते.

## टॉलेमीचे फारच नीटनेटके आकडे

हेच मोजमाप दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने केलं होतं, अंश कोरलेली कांस्याची तबकडी अर्धी पाण्यात बुडवून. दर १० अंशांना त्याचे आकडे असे: ८, साडेपंधरा, साडेबावीस, २९, ३५, साडेचाळीस, साडेपंचेचाळीस, ५०. ६० अंशांचा आकडा बघा, आजच्या मोजमापाशी तंतोतंत जुळतो.

पण ओळीने फरक काढा. ८, साडेसात, ७, साडेसहा, ६, साडेपाच, ५, साडेचार. दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही, स्वारीने थोडे आकडे मोजले, त्यातून एक नमुना बांधला आणि बाकीचे त्या नमुन्यात बसवले असं दिसतं. थोडक्यात, विज्ञानाच्या वहीत "अपेक्षित उत्तर" भरायची खोड आजची नाही. आणि ती पकडली जाते शेवटच्या आकड्यात. ८० अंशांना त्याने ५० लिहिलेत, प्रत्यक्षात साडेसत्तेचाळीसच्या जवळपास येतात. ५० नुसते थोडे जास्त नाहीत, हवेतून पाण्यात जाताना ५० अंश येऊच शकत नाहीत. का, ते जरा पुढे येतंय.

## "हे पाण्यामुळेच कशावरून? डब्याच्या भिंतीमुळे असेल"

शंका रास्त आहे, प्रकाश हवेतून थेट पाण्यात जातच नाही, मध्ये प्लास्टिक लागतं. पण भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर असतात. हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना किरण थोडा जास्त वळतो, प्लास्टिकमधून पाण्यात जाताना तेवढा परत फिरतो, आणि शेवटी दिशा तीच येते जी भिंत नसती तर आली असती. किरण किंचित बाजूला सरकतो तेवढाच, आणि भिंत पातळ असेल तर ते सरकणं कोनमापकाला कळतही नाही. विश्वास बसत नसेल तर रिकामं भांडं ठेवून लेसर सोडा, पाणी नसताना किरण सरळ आरपार जातो.

## मग पेन्सिल, आणि तो बाण

चौकोनी टाकीत पेन्सिल तिरकी ठेवून वरून बघितली तर बुडालेला प्रत्येक बिंदू नाण्यासारखाच वर उचलल्यासारखा दिसतो, खोलवरचा जास्त, पृष्ठभागाजवळचा कमी. म्हणून पाण्यातला तुकडा वरच्या दिशेला मोडलेला दिसतो. परीक्षेत तो खालच्या दिशेला मोडलेला काढणारे ढीगभर असतात. आकृती पाठ केली की असं होतं, एकदा टाकीत डोकावलं की होत नाही.

गोल पेल्यात बाजूने बघितलं की प्रकरण वेगळं. तिथे पृष्ठभाग वळणदार आहे, प्रत्येक बिंदूवर स्तंभिका वेगळ्या दिशेला, त्यामुळे पाण्याने भरलेला पेला म्हणजे आडव्या दिशेत काम करणारं भिंग होतं. पेन्सिल बरोबर मधोमध उभी असेल तर तिची जागा बदलत नाही, फक्त जाड दिसते. ती एका बाजूला सरकवा, की पाण्यातला भाग त्याच बाजूला जास्तच सरकतो आणि वरच्या भागापासून तुटतो. म्हणजे "मोडलेली पेन्सिल" म्हणून जे फोटो फिरतात त्यातले बरेचसे या भिंगाचे असतात, वरून दिसणाऱ्या उचललेल्या पेन्सिलीचे नाहीत. दोन्हींच्या मागे नियम एकच, पृष्ठभागाचा आकार वेगळा.

बाणाचंही तेच. या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण जिथे एकत्र येतात ती जागा, पेल्याच्या मागच्या काठापासून साधारण त्याच्या त्रिज्येइतकी लांब असते. सात सेंटिमीटर रुंद पेला असेल तर मागे साडेतीन सेंटिमीटर. कागद त्याच्या आत असेल तर बाण नुसता रुंद दिसतो. पलीकडे गेला की डावीकडून निघालेले किरण उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे जाऊन पोहोचतात आणि बाण फिरतो. उभा बाण काढला तर फिरत नाही, कारण उभ्या दिशेत पेल्याची भिंत सरळच आहे. हे व्हिडिओत कोणी दाखवत नाही, करून बघा.

## आतून बाहेर बघितलं तर

आता उलटा प्रवास, पाण्यातून हवेत. इथे किरण स्तंभिकेपासून लांब जातो, त्यामुळे पाण्यातला कोन वाढवत नेला की हवेतला त्याच्या पुढे पळतो. पाण्यात ४० अंश केले की हवेत ५९ च्या जवळपास. पाण्यात ४८.६ झाले की हवेत पूर्ण ९०, म्हणजे किरण पृष्ठभागाला घासत निघतो. त्याच्या पुढे? बाहेर पडायला जागाच उरत नाही, सगळाच्या सगळा प्रकाश आत परत फिरतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, आणि ४८.६ हा पाण्याचा क्रांतिक कोन. वाट दोन्हीकडून तीच असते, म्हणून बाहेरून आत येतानाही पाण्यातला कोन याच्या वर जाऊ शकत नाही. टॉलेमीचे ५० इथे अडकले.

अर्धगोल भांडं उलटं फिरवा, लेसर गोल बाजूने मध्याकडे सोडा आणि हळूहळू कोन वाढवा. बाहेर पडणारी रेघ सपाट बाजूकडे झुकत झुकत, फिकी होत होत नाहीशी होते आणि त्याच क्षणी आत परतणारी रेघ लख्ख होते. माझ्या मते या सगळ्यात बघायला सर्वात भारी गोष्ट हीच.

बाटलीला बाजूने भोक पाडून पाण्याची धार सोडायची आणि पलीकडून लेसर त्या भोकावर मारायचा, की प्रकाश धारेच्या आतल्या आत आपटत आपटत तिच्याबरोबर खाली उतरतो. डॅनियल कोलादॉं यांनी १८४० च्या सुमारास जिनिव्हात असं दाखवलं होतं, लेसर नव्हताच तेव्हा. धारेच्या जागी काचेचा केसासारखा धागा घातला की ऑप्टिकल फायबर होतो. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश त्यातून कित्येक किलोमीटर जाऊ शकतो, आणि त्यासाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. तुम्ही हे वाचताय ती अक्षरंही वाटेत कुठेतरी अशाच धाग्यातून आलेली असणार.

## पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

२ मीटर खोल तळं वरून दीड मीटर वाटतं, आणि काठावर उभं राहून तिरकं बघितलं तर त्याहूनही उथळ. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी हा अभ्यासक्रमातला मुद्दा नाही, जिवाशी गाठ आहे. डोळ्यांवर भरवसा ठेवून उडी मारू नये.

पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, तेही इथेच सुटतं. डोळ्याची प्रकाश वळवायची सुमारे दोन-तृतीयांश ताकद आतल्या भिंगात नसते, बाहेरच्या पारदर्शक कॉर्नियाच्या पृष्ठभागावर असते, आणि कॉर्नियाचा अपवर्तनांक १.३८ च्या आसपास. समोर हवा असेल तर १.०० आणि १.३८, फरक भरपूर. समोर पाणी आलं की १.३३ आणि १.३८, फरक जवळपास संपला, वळण संपलं, प्रतिमा पडद्यावर नीट पडेना. पोहण्याचा गॉगल डोळ्यासमोर परत हवेचा थर आणतो, बस. मग सगळं स्पष्ट दिसतं, पण सपाट काचेच्या मास्कमधून वस्तू तीन-चतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या वाटतात, हात पुढे केला की चुकतो. माशांनी कॉर्नियावर विसंबायचं सोडूनच दिलंय, त्यांचं आतलं भिंग जवळजवळ गोटीसारखं गोल असतं. आणि आर्चरफिश नावाचा मासा पाण्यातून चूळ मारून वरच्या फांदीवरचा किडा पाडतो, तोही तिरक्या कोनातून, वळणाचा हिशोब धरून.

## सीमाच नसेल तर?

सुरुवातीला म्हटलं की वळण फक्त सीमेवर होतं. माध्यम एकसारखं असेल तोपर्यंत ते खरं आहे. नसेल तर?

काचेच्या टाकीत तळाशी साखरेचं घट्ट द्रावण घाला आणि त्यावर साधं पाणी अलगद, चमच्याच्या पाठीवरून सोडा, ढवळू नका, आणि काही तास तसंच ठेवा. साखर हळूहळू वर चढते, तळाशी अपवर्तनांक जास्त, वर कमी, मध्ये कुठेही स्पष्ट रेघ नाही. आता बाजूने आडवा लेसर सोडा. किरण खरोखर कमान करत खाली झुकतो. कवायतीच्या रांगेचं एक टोक सतत दुसऱ्यापेक्षा जास्त चिखलात, म्हणून रांग सतत फिरत राहते. टाकीला धक्का लागला की मात्र सगळं मिसळतं आणि पुन्हा काही तास वाट बघत बसावं लागतं.

तापलेल्या रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं ते याचंच उलटं रूप, तिथे खालची हवा गरम आणि विरळ असते म्हणून किरण वर झुकतो आणि रस्त्याच्या जागी आकाश दिसतं. सगळ्यात मोठी टाकी म्हणजे वातावरण. वरून खाली हवा दाट होत जाते, अपवर्तनांक १.०००० पासून १.०००३ पर्यंतच बदलतो, पण क्षितिजाजवळून येणाऱ्या किरणाला त्यातून फार लांब तिरकं यावं लागतं, आणि तो सुमारे ३४ कला वळतो. एका अंशाच्या ६० कला. सूर्याचं बिंब ३२ कला रुंद, म्हणजे त्याचा खालचा काठ क्षितिजाला टेकलेला दिसतो तेव्हा, हवा नसती तर अख्खा सूर्य क्षितिजाखाली असता. सूर्योदयाच्या वेळा काढतात त्या हे धरूनच काढतात: सूर्याचा मध्य क्षितिजाच्या ५० कला खाली असतानाच सूर्योदय झाला असं मानतात, ३४ हवेच्या वळणाच्या आणि उरलेल्या १६ अर्ध्या बिंबाच्या.